शब्दांचा योग्य क्रम लावा : लहान मुलांच्या वाक्यरचनेच्या प्रश्नाचा आढावा

कोथरूडमधल्या कुठल्याही वह्या-पुस्तकांच्या दुकानात पहिली-दुसरीची मराठी सरावपुस्तिका मागितली, तर तिच्यात एक पान हमखास सापडतं. वर सूचना असते, 'शब्दांचा योग्य क्रम लावून वाक्य तयार करा.' खाली तीन-चार शब्द उलटसुलट दिलेले असतात. समजा ते शब्द आहेत : निवडते, भाजी, आजी. मुलानं 'आजी भाजी निवडते' असं लिहिलं की बरोबरची खूण. 'भाजी आजी निवडते' लिहिलं तर बहुतेक ठिकाणी लाल रेघ.

आता हेच मूल घरी काय ऐकतं ते पाहू. 'स्वयंपाकाचं कसं वाटून घेतलंय?' असं कुणी विचारलं, तर 'भाजी आजी निवडते, पोळ्या आई करते' हेच सहज उत्तर आहे. 'निवडते आजी भाजी, तू जा अभ्यासाला' हेही रोजचं बोलणं. 'आजी निवडते भाजी, आम्ही नुसते गप्पा मारतो' यातही कुणाला काही खटकत नाही. तीन शब्दांच्या सहा मांडण्या होतात आणि योग्य प्रसंग मिळाला तर त्यातल्या जवळजवळ सगळ्या खपतात. म्हणून सगळ्या सारख्या आहेत असं मात्र नाही. मागेपुढे काहीही बोलणं झालेलं नसताना, निव्वळ माहिती द्यायची असताना मराठी माणूस 'आजी भाजी निवडते' हीच मांडणी करतो. बाकीच्या मांडण्या कुठल्या तरी प्रश्नाला, शंकेला किंवा आग्रहाला दिलेल्या उत्तरासारख्या असतात.

मग लहान मुलाला वाक्यातला शब्दक्रम शिकवायचा म्हणजे नक्की काय शिकवायचं? कधी, कुठल्या मुलाला आणि किती? या प्रश्नांवर बालवाडीच्या ताईंपासून भाषाशास्त्रज्ञांपर्यंत अनेकांनी विचार केलेला आहे. तो विचार आज कुठवर आला आहे, ते इथे पाहायचं आहे.

व्याकरणात क्रमाला जागा किती होती

विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपूरहून निघालं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 सालचं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे निबंध त्यानंतरचे आणि मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 सालचं. या परंपरेत खल झाला तो मुख्यतः विभक्ती किती, प्रयोग किती, सामान्यरूप म्हणजे काय यांवर. पुढे अरविंद मंगरूळकर आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी जुन्या व्याकरणाची फेरतपासणी केली, तेव्हाही वादाचा भर याच प्रकरणांवर होता. शब्दक्रमाच्या वाट्याला थोडीच पानं आली.

याला कारण आहे. आपली व्याकरणदृष्टी संस्कृतातून आली आणि संस्कृतात शब्द कुठेही ठेवला तरी त्याचं नातं प्रत्ययावरून कळतं. म्हणून आपल्याकडे जुनी सवय आहे ती अन्वय लावण्याची. मोरोपंतांच्या आर्येचा अन्वय लावणं हा मराठी शाळांमधला कित्येक पिढ्यांचा नेम होता. कवीनं शब्द कुठेही फेकलेले असोत, विद्यार्थ्यानं कर्ता शोधायचा, त्याचं क्रियापद शोधायचं, विशेषण ज्याचं त्याला जोडायचं. वाक्याचा अर्थ लागण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी लागतात, असं आपल्या शास्त्रकारांनी सांगितलं आहे. यातली सन्निधी म्हणजे जवळीक. शब्द ठरावीक जागी हवा असं ते म्हणत नाहीत. ज्यांचं नातं आहे ते शब्द एकमेकांपासून फार लांब पडू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं. लहान मुलांच्या मराठीचा विचार करताना ही कसोटी मला फार उपयोगाची वाटते.

इंग्रजी शिक्षणाबरोबर वाक्यपृथक्करण आलं, उद्देश्य-विधेयाचे तक्ते आले. 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'वर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना शब्दक्रम हा विषय भेटला तो इंग्रजीच्या वाटेवर, कारण तिथे तो चुकला की अर्थच उलटतो. 2000 सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं आणि इंग्रजी सरावपुस्तिकांतले व्यायाम लहान मुलांच्या हाती पडले. 'शब्दांचा योग्य क्रम लावा' हा व्यायाम मराठीत इतका पसरण्यामागे इंग्रजीच्या व्यायामांचा मोठा वाटा असावा, असं माझं मत आहे.

बालशिक्षणाची आपली परंपरा मात्र वेगळ्या दिशेची होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी जे काम उभं केलं, त्यात गाणी, गोष्टी, गप्पा आणि हाताचं काम यांतून भाषा वाढते, हा विश्वास होता. व्याकरणाची तिथे घाई नव्हती.

शाळेत येण्याआधी काय झालेलं असतं

डेक्कन कॉलेजमधले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी 1964 साली मराठी बाळबोलीवर एक निबंध लिहिला. 'मम', 'भूर', 'जोजो' असे जे शब्द मोठी माणसं बाळाशी बोलताना वापरतात, त्यांची शास्त्रीय दखल घेणारं ते काम. या शब्दांनी सुरुवात होते आणि दीड ते दोन वर्षांच्या सुमाराला दोन शब्द एकत्र येऊ लागतात : 'बाबा भूर', 'आई मम'. क्रमाचा प्रश्न तिथूनच जन्माला येतो, कारण दोन शब्दांत एक आधी आणि एक नंतर असणारच.

रॉजर ब्राउन यांनी अमेरिकेत तीन मुलांची बोली वर्षानुवर्षं नोंदवली आणि 1973 साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या आणि कॅमिल हॅनलन यांच्या 1970 सालच्या अभ्यासाची एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आईवडील मुलाच्या वाक्याची रचना फारशी सुधारत नाहीत, ते वाक्य खरं आहे की खोटं एवढंच बघतात. मोडकंतोडकं पण खरं वाक्य मान्य होतं, सुघड पण खोटं वाक्य सुधारलं जातं. तरीही मुलं रचना शिकतात.

मुलाचं हे शिकणं ऐकण्यावर किती अवलंबून असतं, याचा एक सुंदर प्रयोग नमीरा अख्तर यांनी 1999 साली प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना बनावट क्रियापदं मुद्दाम विचित्र क्रमात ऐकवली. चार वर्षांची मुलं तो क्रम झुगारून बहुतेक वेळा आपल्या भाषेच्या क्रमात बोलली. दोन-तीन वर्षांची मुलं मात्र कधी आपल्या क्रमात, तर कधी ऐकलेल्या विचित्र क्रमात बोलली. म्हणजे चौथ्या वर्षापर्यंत मुलाच्या कानात आपल्या भाषेची चाल पक्की बसलेली असते. पहिलीत येणारं सहा वर्षांचं मूल घरच्या भाषेचा शब्दक्रम घेऊनच वर्गात बसतं. हे मान्य केलं की 'क्रम शिकवणं' या शब्दांचा अर्थच बदलतो.

साप, बेडूक आणि मराठीचं वेगळेपण

डॅन स्लोबिन आणि थॉमस बीव्हर यांनी 1982 साली चार भाषांतल्या लहान मुलांचा तुलनात्मक अभ्यास केला : इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की. मुलांसमोर खेळण्यातले प्राणी ठेवायचे, एक वाक्य म्हणायचं आणि वाक्यात जे घडतं ते करून दाखवायला सांगायचं. शब्दांची जागा बदलली तरी तुर्की मुलं दोन वर्षांच्या वयातही अर्थ बरोबर लावत, कारण तुर्कीत कर्माला लागणारा प्रत्यय त्यांना पुरत असे. इंग्रजी मुलांचा सारा आधार क्रमावर होता.

मराठी यात कुठे बसते? ती तुर्कीच्या जवळ आहे, पण अगदी तिच्या शेजारी नाही. 'वाघानं हरणाला पकडलं' आणि 'हरणाला वाघानं पकडलं' यांत कोण कुणाला हे दोन्हीकडे स्पष्ट आहे, प्रत्यय बोलतो. पण मराठीत हा प्रत्यय प्रत्येक ठिकाणी हजर नसतो. 'मांजर उंदीर पकडतं' हे वाक्य घ्या. इथे कर्त्याला प्रत्यय नाही, कर्मालाही नाही. क्रम उलटून 'उंदीर मांजर पकडतं' म्हटलं तरी पकडणारं मांजरच, कारण 'पकडतं' हे रूप नपुंसकलिंगी आहे आणि ते मांजराकडे बोट दाखवतं. प्रत्यय नव्हता, पण लिंग धावून आलं.

आता 'साप बेडूक गिळतो' हे वाक्य पाहा. साप पुल्लिंगी, बेडूकही पुल्लिंगी, दोघांनाही प्रत्यय नाही. 'बेडूक साप गिळतो' म्हटलं की प्रत्यय गप्प, लिंग गप्प. उरतो तो शब्दक्रम आणि आपलं व्यवहारज्ञान. मोठ्या माणसाला व्यवहारज्ञान सांगतं की गिळणारा सापच असणार. गोष्टींच्या जगात वावरणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला सापाला गिळणारा बेडूक अशक्य वाटेलच असं नाही. मराठीत शब्दक्रम खरोखर कामाला येतो तो अशा जागी. बाकी ठिकाणी तो अर्थ ठरवत नाही, भर कशावर आहे ते दाखवतो.

आणखी एक जागा आहे जिथे क्रम निर्णायक असतो आणि तिच्याकडे सरावपुस्तिकांचं लक्षच जात नाही. ती म्हणजे छोटे शब्द. 'तू येतोस का?' हे आमंत्रण आहे, 'तू का येतोस?' हा जाब आहे. 'मी पण येतो' म्हणजे मलाही यायचंय, 'पण मी येतो' म्हणजे तुमचं काहीही असो. 'आज फक्त दादा दूध प्यायला' यात बाकीची भावंडं उपाशी राहिली, 'आज दादा फक्त दूध प्यायला' यात दादाच जेवला नाही. 'मीच पतंग फाडला' ही कबुली, 'मी पतंगच फाडला' यात दुसरं काही फाडलेलं नाही याची ग्वाही. 'का', 'पण', 'फक्त', 'च', 'ही' हे ज्याला चिकटतात त्याचा अर्थ बदलतात. मुलं यांत अडखळतात, आणि या अडखळण्याचा उलगडा कर्ता-कर्म-क्रियापद या सूत्रानं होत नाही.

तिसरी जागा विशेषणांची. 'माझ्या मोठ्या भावाची सायकल' आणि 'माझ्या भावाची मोठी सायकल' यांत 'मोठं' कुठे बसलं यावर अर्थ ठरतो आणि जागेबरोबर त्याचं रूपही बदलतं. 'शुद्ध गाईचं तूप' हे व्याकरणाच्या वर्गातलं जुनं उदाहरण याच जातीचं. गाय शुद्ध की तूप, हा प्रश्न पुन्हा सन्निधीचाच आहे.

राहिला नकार. मराठीत 'मी जात नाही' ही साधी मांडणी, 'मी नाही जात' हा हट्ट किंवा ठाम नकार. दोन्ही मराठीच. हिंदी घरातलं मूल 'मी नाही जातो' म्हणतं, तेव्हा पुष्कळदा त्याला सांगितलं जातं की 'नाही' शेवटी आण. पण 'मी नाही जात' चालतं, मग चूक क्रमात कशी असेल? चूक 'जातो' या रूपात आहे. 'मैं नहीं जाता' या घरच्या वाक्यावरून त्यानं ते बेतलेलं असतं. क्रमाची म्हणून दाखवली जाणारी चूक तपासली की रूपाची निघते, असं मराठीत वारंवार होतं. मूल 'मी पोळी खाल्ला' म्हणतं, 'आईचा साडी' म्हणतं. शब्द जागच्या जागी असतात, टोकं मात्र जुळत नाहीत.

शिकवण्याच्या वाटा

शिकवण्याच्या पद्धतींबद्दल स्थूलमानानं तीन भूमिका दिसतात.

पहिली भूमिका नमुन्याची आणि सरावाची. एक साचा घ्यायचा, 'आजी भाजी निवडते', आणि त्यात शब्द बदलत जायचे : आजी फुलं निवडते, बाबा फुलं आणतात. वाक्यपट्ट्या, शब्दपत्ते, रिकाम्या जागा ही तिची साधनं. या बाजूचं म्हणणं असं की चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी स्वतंत्र गप्पा शक्य नाहीत आणि ज्याच्या घरी पुस्तकी मराठी कुणी बोलत नाही, त्या मुलाला लेखनातल्या वाक्याचा घाट कुणीतरी उघडपणे दाखवायलाच हवा. तो न दाखवता 'आपोआप येईल' म्हणणं म्हणजे ज्यांना घरून मिळतं त्यांनाच पुढे जाऊ देणं. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला भावनेच्या भरात झटकून टाकता येत नाही.

दुसरी भूमिका बोलण्याची. कृष्णकुमार यांनी 1986 साली युनिसेफसाठी लिहिलेल्या 'बच्चे की भाषा और अध्यापक' या पुस्तकात मुलाचं बोलणं हा वर्गातला कच्चा माल मानला आहे. पुण्यात 1992 साली सुरू झालेली अक्षरनंदन शाळा, आणि कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या मुलांसाठी 1996 पासून चालणारं पालकनीती परिवाराचं खेळघर, यांसारख्या ठिकाणी मुलाच्या अनुभवाला आणि संवादाला मध्यभागी ठेवण्याचा प्रयत्न झाला आहे. या विचारात सुधारणा होते ती बोलण्याच्या ओघात. मूल म्हणतं, 'मी पोळी खाल्ला.' ताई म्हणते, 'पोळी खाल्लीस? कशाबरोबर खाल्लीस?' चूक दाखवली नाही, बरोबर रूप कानावर घातलं आणि गप्पा पुढे नेल्या. आपल्याकडे आज्या हे कायमच करत आल्या आहेत. या भूमिकेची अडचण वेळेची आहे. ऐकून घेणारं माणूस प्रत्येक मुलाच्या वाट्याला पुरेसं आलं तरच ती चालते.

तिसरी भूमिका वाक्य हाताळण्याची. मारिया मॉन्टेसरी 1939 साली भारतात आल्या, पण व्याकरणाच्या पेट्यांची त्यांची कल्पना त्याआधीची. नामाला काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल वर्तुळ. मूल वाक्यातल्या शब्दांच्या पट्ट्या इकडेतिकडे हलवतं आणि वाचून बघतं, अर्थ राहिला का, बदलला का, बिघडला का. मोठ्या मुलांसाठी याचाच भाऊ शोभेल असा व्यायाम म्हणजे दोन छोटी वाक्यं जोडून एक करणं. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 साली अनेक अभ्यासांची बेरीज करून पाहिली, तेव्हा चौथी ते बारावीच्या मुलांचं लेखन या जोडकामानं सुधारतं असं दिसलं. नुसत्या व्याकरणपाठांचा परिणाम मात्र उलटा निघाला. त्याआधी 1963 सालच्या ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांच्या अहवालानंही औपचारिक व्याकरणशिक्षणाचा लेखनाला उपयोग नगण्य, कदाचित घातकच, असं म्हटलं होतं. इंग्लंडमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांबरोबर व्याकरणाच्या एका आखीव कार्यक्रमाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2022 साली आले. मुलांच्या गोष्टीलेखनात त्यामुळे फरक पडला नाही. वाक्य तयार करण्याच्या कामात थोडी सुधारणा दिसली, पण ती योगायोग नव्हे असं म्हणण्याइतकी ठळक नव्हती.

हे सगळे पुरावे इंग्रजीचे आहेत, आणि इंग्रजीत क्रमाला जेवढं वजन आहे तेवढं मराठीत नाही. ते जसेच्या तसे आपल्या वर्गात आणणं योग्य होणार नाही. तरी माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे आणि त्याचं कारण मराठीच्या स्वभावात आहे. तीन पट्ट्या देऊन 'योग्य क्रम कोणता?' असं विचारलं की मुलाच्या सहा वाक्यांतली पाच वाया जातात. त्याऐवजी 'हे वाक्य कुणी, कधी म्हणेल?' असं विचारलं, तर तीच सहा वाक्यं सहा छोट्या प्रसंगांची बीजं होतात. मूल 'निवडते आजी भाजी' ही मांडणी वाचून दाखवतं आणि हे कोण कुणाला कुठल्या सुरात म्हणालं ते सांगतं. साधी मांडणी कुठली, हे त्याला या खेळातूनच उमजतं, कारण जिच्यासाठी प्रसंग शोधावा लागत नाही ती साधी. 'का' आणि 'फक्त' यांच्या पट्ट्या घेऊन तर दुसरीतल्या मुलांचा अख्खा तास रंगेल.

इंग्रजीच्या उंबरठ्यावर

जगातल्या 1376 भाषांच्या एका मोठ्या नोंदीत क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या, म्हणजे आपल्यासारख्या, भाषा साडेपाचशेहून अधिक आहेत. इंग्रजीसारख्या, क्रियापद मध्ये ठेवणाऱ्या, पाचशेच्या आत. 1956 साली एम. बी. एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असा सिद्धांत मांडला, आणि क्रियापद शेवटी ठेवण्याची सवय ही या क्षेत्राची एक ठळक खूण मानली जाते. कोथरूड-बाणेरच्या बांधकामांवर कलबुर्गी, विजयपुराकडून आलेल्या कुटुंबांची मुलं कन्नड किंवा लमाणी बोलतात, उत्तरेकडून आलेली भोजपुरी किंवा हिंदी बोलतात. महापालिकेच्या शाळेत या मुलांना मराठी शिकताना बरंच काही नवं शिकावं लागतं, लिंग शिकावं लागतं, प्रत्यय शिकावे लागतात. क्रियापद शेवटी ठेवायला मात्र शिकावं लागत नाही. ती चाल त्यांच्या घरातच आहे.

क्रमाचा खरा डोंगर उभा राहतो तो इंग्रजीत. 'मी आंबा खातो' याच चालीवर मूल 'आय मँगो ईट' म्हणतं, तेव्हा ते आपल्या भाषेशी प्रामाणिक असतं. इथे नमुना आणि सराव यांची बाजू सर्वांत भक्कम आहे, कारण इंग्रजीत शब्दाची जागा हाच त्याचा प्रत्यय. याही क्षेत्रात एकमत नाही. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळुरूला केंद्र ठेवून दक्षिणेतल्या साध्या सरकारी शाळांत एक प्रयोग चालवला. वेळापत्रक वाचणं, नकाशावर वाट शोधणं अशी कामं इंग्रजीतून करून घ्यायची, रचना वेगळी शिकवायची नाही. विचार अर्थावर असला की रचना मागाहून येते, हे त्यांचं गृहीतक. त्या प्रयोगाचं मूल्यमापन झालं, त्यावर पुष्कळ चर्चा झाली आणि ती चर्चा जगभर आजही उद्धृत होते. नमुनावादी आणि कार्यवादी यांच्यातला वाद मात्र मिटला नाही.

इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांचं काय? कोथरूडमध्ये हा प्रश्न घरोघरी आहे. 2020 सालच्या कायद्यानं राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे ही मुलं मराठीच्या तासाला बसतात. परदेशी वाढणाऱ्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलणारे आजी-आजोबाही इथे कमी नाहीत. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, त्यांच्यापुढेही हेच काम आहे. दुसऱ्या भाषेच्या छायेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलांवर जगभर झालेल्या अभ्यासांतून असं दिसतं, की अशा मुलांच्या बोलण्यात प्रत्यय आणि लिंगवचन आधी झिजतात, शब्दक्रम त्यामानानं टिकतो, उलट तो जरा जास्तच ताठर होतो. मराठीला हे लावून पाहिलं तर या मुलांची 'आजी भाजी निवडते' ही मांडणी सहसा चुकणार नाही. हरवेल ती 'भाजी आजी निवडते' म्हणण्याची मुभा. क्रम पक्का करून घेणारा व्यायाम त्यांना जे आधीच येतं तेच शिकवतो.

ज्यांना क्रम उघडपणे शिकवावा लागतो

कर्णबधिर मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि या आढाव्यात तिला बाजूला ठेवणं अन्यायाचं होईल. ज्या मुलाच्या कानावर घरची भाषा पडलीच नाही, त्याला 'ती आपोआप येते' हा युक्तिवाद लागू नाही. स्वतः कर्णबधिर असलेल्या एडिथ फिट्झजेराल्ड यांनी 1926 साली वाक्याचे रकाने पाडण्याची पद्धत मांडली : कोण, काय करतं, कुणाला, कुठे, कधी. इंग्लंडमध्ये अ‍ॅलिसन ब्रायन यांनी 1990च्या दशकात रंगांच्या पट्ट्यांची पद्धत बसवली, ती वाचा-उपचारतज्ज्ञ भाषेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी वापरतात. दोन्हींची घडण इंग्रजीसाठी झालेली. मराठीत आणताना क्रियापदाचा रकाना उचलून शेवटी न्यावा लागतो. एवढ्यानं भागत नाही. 'ला', 'नं', 'चा', 'त' यांना स्वतःचा रंग किंवा स्वतःची जागा द्यावी लागते, कारण मराठी वाक्याचे सांधे तिथे आहेत. रकाने बरोबर भरले आणि प्रत्यय गळले तर 'ताई बाळ दूध देते' असं वाक्य हाती येतं. क्रम निर्दोष, पण वाक्य मराठी झालेलं नाही.

भारतीय सांकेतिक भाषेचा क्रमही इथे ध्यानात घ्यायला हवा. तिच्यात क्रियेची खूण साधारणपणे शेवटी येते, प्रश्नवाचक खूण आणि नकार वाक्याच्या टोकाला येतात. ही भाषा आधी मिळालेलं मूल लिखित मराठीकडे येतं तेव्हा क्रियापद शेवटी हे त्याला परकं नसतं. सांकेतिक भाषेला आधार मानून लिखित मराठी शिकवायची, की बोलण्यावर आणि ओठ वाचण्यावर भर द्यायचा, हा विशेष शिक्षणातला जुना वाद आहे. पहिल्या बाजूकडे गेल्या काही दशकांत वजन वाढलं आहे.

न सुटलेल्या गाठी

पहिली गाठ गुणदानाची. तपासणाऱ्या शिक्षकाला उत्तरसूची लागते आणि उत्तरसूचीत एकच वाक्य मावतं. 'भाजी आजी निवडते' लिहिणाऱ्या मुलाला गुण द्यायचा की नाही? काहींचं म्हणणं, परीक्षेत साधी मांडणीच अपेक्षित आहे हे मुलाला कळलंच पाहिजे. दुसऱ्यांचं म्हणणं, मग सूचना 'योग्य क्रम' अशी न देता 'साधं वाक्य' अशी द्या. मला दुसरं पटतं. खर्च काहीच नाही आणि मुलावर अन्याय होत नाही.

दुसरी गाठ बोलींची. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीचा सामाजिक स्तरांनुसार अभ्यास केला आणि पुढे तिथेच प्रगत शिक्षण संस्थेचं काम उभं केलं. बोली बोलणारी मुलं वर्गात कशी वागवली जातात, हा प्रश्न त्या कामामुळे ठळक झाला. क्रमाच्या दृष्टीनं पाहिलं तर 'मला घरी जायचंय' आणि 'मला घरी जायाचं हाय' यांची मांडणी एकच आहे. वऱ्हाडी 'मी घरी जाऊन राहिलो' यातही क्रियापद शेवटीच. म्हणजे 'याची वाक्यरचना कच्ची आहे' असा शेरा जेव्हा बोली बोलणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात येतो, तेव्हा तो बहुधा रचनेबद्दल नसतो, उच्चाराबद्दल आणि रूपांबद्दल असतो. प्रमाण मराठीचं लेखन त्याला यायला हवंच. पण कशाला काय म्हणायचं याचा हिशेब स्वच्छ हवा.

तिसरी गाठ मोजमापाची. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या मुलानं चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचावीत, दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचावेत, अशी उद्दिष्टं आहेत. वाचन मोजायला सोपं म्हणून ते पुढे आलं, हे समजण्यासारखं आहे. मुलानं स्वतः केलेलं वाक्य कसं मोजायचं, याला तेवढं सोपं उत्तर अजून कुणाकडे नाही. जे मोजलं जातं तेच वर्गात शिकवलं जातं, म्हणून ही उणीव लहान नाही.

चौथी गाठ सर्वांत मूलभूत. साप-बेडकाच्या वाक्यात चार वर्षांचं मराठी मूल क्रमावर भरवसा ठेवतं की व्यवहारज्ञानावर? 'का'ची जागा ते कितव्या वर्षी ओळखतं? हिंदी, मराठी आणि इंग्रजी एकदम कानावर पडणाऱ्या मुलाच्या मनात तीन चाली वेगळ्या राहतात की मिसळतात? 2025 मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासननिर्णय एप्रिलमध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्या सगळ्या चर्चेत हा शेवटचा प्रश्न मध्यभागी यायला हवा होता. त्याचं उत्तर इंग्रजी किंवा तुर्की मुलांवरून काढता येणार नाही, ते मराठी मुलांच्या बोलण्यातूनच मिळेल.

त्यासाठी आरंभ घरात आणि बालवाडीत होऊ शकतो. दोन ते सात वर्षांचं मूल ज्यांच्या सहवासात आहे अशा पालकांना, आजी-आजोबांना आणि बालवाडीच्या ताईंना विनंती आहे, की एक वही करा. मुलाचं वाक्य जसं कानावर पडलं तसं, न सुधारता लिहा. तारीख, मुलाचं वय, घरात कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात, आणि त्या वाक्याआधी त्याला कुणी काय विचारलं होतं, हे शेजारी नोंदवा. आधीचा प्रश्न लिहायला विसरू नका. त्याच्याशिवाय 'भाजी आजी निवडते' हे वाक्य चूक होतं की उत्तर, ते नंतर कुणालाच सांगता येणार नाही.